शलोमीबाईचे बोट

निंबदऱ्याच्या उपासनामंदिराला अजून घंटा नव्हती, झाडाला टांगलेला नांगराचा फाळ बडवून मंडळीला बोलावीत, त्या काळची ही गोष्ट. वाडवडिलांनी ती आम्हांला हात जोडून सांगितली. तुम्हीही ती तशीच ऐकावी.

त्या गावी शलोमीबाई नावाची बायबलबाई होती. घरोघर जाऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवावे, हीच तिची सेवा. तिच्या डोईवरच्या पाटीत एकाच शास्त्राची तीन भाषांतरे असत. थोरले पुस्तक विद्वानांनी शब्दाला शब्द तोलून केलेले, वाचायला अवघड. मधले घरच्या बोलीत अर्थ सांगणारे. धाकटे ओवीत बांधलेले. बाई उंबऱ्याशी टेकायची, घरातले बोलणे ऐकायची, आणि मगच पाटीत हात घालायची. जात्यावर बसलेलीला ओवी, आजाऱ्याला सोपे, वाद घालणाऱ्याला थोरले. ती दारात आली की अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा आपणहून कूस वळवी, असे म्हणतात.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या राही नावाच्या बाईने एकदा तिला टोमणा मारला, "काय गं शलोमीबाई, तुझा देव तीन तोंडांनी बोलतो होय?"

"तोंड एकच गं बये, कान तीन तऱ्हेचे. तुझा मात्र चौथ्या तऱ्हेचा, नुसता चहाड्या ऐकणारा!"

बायांनी हसताहसता घागरी कलंडवल्या.

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे, होते अब्रामजी पंडागळे. माणूस नेक, पण करारी. थोरले पुस्तक वाचताना भर उपासनेत त्यांची जीभ अडे आणि पोरे खुदखुदत. म्हणून शलोमीबाईने त्यांच्या हाती मधले पुस्तक दिले. इथे तिची चूक झाली. पण ती कळायला दुष्काळ यावा लागला.

तीन वर्षे आभाळ कोरडे गेले. जमिनीत पुरलेले ज्वारीचे एकच पेव मंडळीजवळ उरले. अब्रामजींनी तळे खोदायला काढले. पण खोदणाऱ्यांना धान्य द्यावे तर बाकीच्यांना पुरेना. तेव्हा त्यांनी मधले पुस्तक उघडले आणि पौलाच्या पत्रातले वचन खड्या आवाजात वाचले, "काम नाही, त्याला जेवण नाही." वचन इतके सुटसुटीत की कुणी अर्थही विचारला नाही.

त्या गावात बाळाप्पा गवंडी होता. मंदिराच्या भिंती त्यानेच उचललेल्या. पण आता संधिवाताने त्याची बोटे आकड्यासारखी वळली होती. तो रोज सकाळी तळ्यावर जाई, दोन्ही मनगटांत कुदळ धरी, एक घाव घाली, आणि कुदळ गळून पडे. "बाळाप्पा, घरी जा," असे त्याला सांगत. संध्याकाळी त्याच्या पदरात दाणा पडत नसे. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी तो उठलाच नाही.

शलोमीबाई आपल्या वाट्याची भाकरी घेऊन त्याच्या खोपटात गेली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"खा रे बाळाप्पा. माझ्यातली देते."

"नको बाई. काम नाही, त्याला जेवण नाही. तुमच्याच पुस्तकात आहे. देवाचा शब्द मोडून घास गिळू?"

बाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. या माणसाला आता अन्न वाचवणार नव्हते. वचनच वाचवील तर वाचवील. त्याचा श्वास छातीत वर-वर चालला होता. तिने थोरले पुस्तक उराशी धरले आणि भर उन्हात ती अनवाणी तळ्याकडे धावत सुटली. तिच्या पावलांखाली तापली वाट निवत गेली, असे म्हणतात.

तळ्याकाठीच पेवाच्या तोंडाशी धान्य मापणे चालले होते.

"अब्रामजी, हे वाचा."

"कालवर तुम्हीच म्हणत होता, सोपं वाचा. आता अवघड आणलंत?"

"ऐकायला सोपं बरं, अब्रामजी. पण कुणापुढचं ताट ओढायचं, तर एकेक शब्द पारखून घ्यावा लागतो."

तिने पान उघडून बोट ठेवले. अब्रामजी अडखळत वाचू लागले, "काम करण्याची इच्छा ज्याला नाही..." आणि थांबले.

"इच्छा," बाई म्हणाली. "हा शब्द तुमच्या पुस्तकातून गळला. बाळाप्पाला इच्छा नाही, असं म्हणता? त्याच्या मनगटांवरचे वळ बघून या."

"एका शब्दानं पेव भरतं का, बाई? सगळ्यांना वाटून दिलं तर सगळेच मरतील!" असे म्हणून अब्रामजींनी पान उलटायला हात घातला. पान हलेना. त्यांनी बाईचे बोट दूर सारू पाहिले. बोट हलेना. दोघे तरणे पुढे झाले, त्यांनाही ते हलवेना. वारा सुटला, माणसांची पागोटी उडाली, पण ते एक पान शिळेसारखे स्थिर राहिले, असे म्हणतात.

अब्रामजींनी पानावरचा हात मागे घेतला. त्यांनी स्वतः माप भरले, ज्वारी भरडून पेज शिजवली आणि ते खोपटाकडे निघाले. "बाळाप्पा," ते दारातूनच म्हणाले, "वचन मी अर्धं वाचलं होतं. पुरं ऐक." बाळाप्पाने ते ऐकले आणि तोंड उघडले. पहिला घोट त्याच्या घशाखाली उतरला, तेव्हा तिकडे तळ्यावर शलोमीबाईचे बोट पानावरून सुटले.

सांजेला अब्रामजी मधले पुस्तक घेऊन तिच्या दारी आले. "हे जाळून टाकू का?"

"छे हो! आजच्या घडीला बाळाप्पाच्या उशाशी तेच वाचा. थोरलं त्याला पेलायचं नाही. चूक पुस्तकाची नाही, माझी. तुमची जीभ अडते एवढंच मी पाहिलं. तुमच्या हातून न्याय व्हायचा आहे, हे पाहिलंच नाही."

पुढे पाऊस येईपर्यंत पेव आटले नाही, असे काही म्हणतात. सर्वांनी अर्धपोटी दिवस काढले, असे काही म्हणतात. प्रभूच्या घरी ही दोन्ही एकच असावीत.

शलोमीबाईला जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. निंबदऱ्यात आजही कुणी बायबल मागायला आले, की मंदिरातली माणसे आधी विचारतात, "कुणाला वाचून दाखवणार?" आणि उत्तर ऐकून पुस्तक देतात. कुणाविरुद्ध निवाडा करायचा असेल, तर मात्र थोरलेच उघडतात. वाचणारा वचनावर बोट ठेवतो, आणि ज्याचा निवाडा आहे तो समोर बसून, पोटभर जेवून, आपले बोलणे पुरे करीपर्यंत ते उचलत नाही. गेल्या वर्षी ते बोट सकाळपासून दिवस कलेपर्यंत तिथेच होते. हात अवघडला, तेव्हा शेजारच्याने आपले बोट तिथे टेकवले, आणि मगच पहिल्याने आपले काढले.