बरणीत विरघळलेली नळी

एकदा एक तरुण शल्यवैद्य काचेची बरणी छातीशी धरून आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आला. बरणीत गढूळ पाणी होतं आणि तळाशी थोडा गाळ.

"गुरुजी, नळी विरघळली! आता ती काढायला नको आणि रुग्णाला परत बोलवायलाही नको," तो दारातूनच म्हणाला.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी वाट खड्याने बुजली, की खडा काढून तिथे काही दिवस एक बारीक नळी ठेवतात. सूज उतरली, की ती काढावी लागते. बंदरावरच्या एका तांडेलाला या शिष्यानेच अशी नळी घातली होती आणि "महिन्याने या" एवढं बजावून घरी धाडलं होतं. कळ थांबली तशी तांडेलाने होडी समुद्रात लोटली, आणि तो परतला तो काही वर्षांनी, तापाने फणफणत. नळीवर खड्यांचे थर चढले होते. उजवं मूत्रपिंड कायमचं गेलं होतं.

"गरज सरो नि वैद्य मरो!" शिष्य तेव्हा त्याच्यावर खेकसला होता. तांडेल मान खाली घालून ऐकत राहिला. ती खाली गेलेली मान शिष्याच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून तर त्याने ही आपोआप विरघळणारी नळी करायला घेतली होती.

आता तांडेलाच्या उरलेल्या मूत्रपिंडाच्या वाटेतही खडा अडकला होता.

"या वेळी त्याला माझी नळी घालू द्या," शिष्य म्हणाला. "एवढी एक परवानगी द्या."

गुरू उठले. ते स्वयंपाकघरातून चहाची गाळणी घेऊन आले आणि त्यांनी बरणी तिच्यात ओतली. गाळणीत तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे उरले. ते त्यांनी एका बारीक काचेच्या नळीत वरून सोडले आणि मागून पाणी ओतलं. पाणी खाली उतरेना. शिष्य त्या थांबलेल्या पाण्याकडे पाहतच राहिला.

"बरणीत जागा ऐसपैस होती," गुरू म्हणाले. "माणसाच्या आत वाट एवढीच. तुझी नळी वरच्या टोकाला आधी तुटते आणि तिचे तुकडे खाली येऊन अडतात. कीर्तन संपलं, की देवळातून दाराजवळचे आधी निघतात, मग आतल्यांना वाट मिळते. नळीचंही खालचं टोक आधी जायला हवं. हे तुला कळत नाही असं नाही. पश्चात्तापाला घाई फार असते, बाबा. ही नळी तू त्याच्यासाठी नेतो आहेस, की स्वतःच्या मनाची टोचणी शमवायला? त्याच्यापाशी आता एकच मूत्रपिंड आहे."

शिष्याने विचारलं, "मग मी त्याला काय देऊ?"

"जुन्या पद्धतीचीच नळी घाल. फक्त ती काढायची आठवण त्याच्या माथी मारू नकोस. ती तू ठेव."

नळी काढायची वेळ आली तेव्हा शिष्य स्वतः बंदरावर गेला. तांडेल जाळं विणत बसला होता.

"डाक्टर, तुमी इथं? मी येणारच होतो," तो गडबडून उठला.

"मागच्या वेळीच मी यायला हवं होतं," शिष्य म्हणाला.

 तांडेलाचा हात नकळत उजव्या कुशीवर गेला. मग जाळं बाजूला ठेवून तो म्हणाला, "चला."

पुढे काही वर्षांनी शिष्याची नळी खालच्या टोकाकडून विरघळू लागली आणि त्याचं फार कौतुक झालं. प्रत्येक सत्काराच्या वेळी त्याला तांडेलाची ती खाली घातलेली मान आठवे. दुखणं थांबलं, की माणूस विसरणारच. हे वैद्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी त्या दिवशी मान तांडेलाने खाली घातली होती.