दोन होड्यांचं जहाज

दोनशे माणसांचं जहाज, आणि संकटात उतरायला होड्या फक्त दोन! बुधाजी तांडेलाने कपाळावर हात मारला.

"महाराज, सुताराने बारा केल्या होत्या. बाकीच्या दहा गेल्या कुठे?"

"मी काढायला लावल्या," शंखबंदरचे राजे धैर्यधर म्हणाले. "होड्या टांगल्या की कठड्यावरचे मोर झाकले जातात! वर्षभर खपून कोरून घेतलेत. जहाजाचं नाव राजमयूर, आणि मोरच दिसायचे नाहीत?"

"मग मी हे जहाज हाकारणार नाही," बुधाजी म्हणाला. "परवा दोनशे माणसं बेटावरच्या जत्रेला न्यायचीत. काही झालं तर कोणाला वाचवू आणि कोणाला सोडू?"

झालं! महाराजांचा पारा चढला. आपलं जहाज बुडू शकतं, हे त्यांच्या कानांना सोसणारं नव्हतं.

"माझं जहाज बुडणार? मग बुडताना दाखवच मला! उद्या दुपारी साऱ्या दरबारासह मी जहाजावर बसतो. पण भोक पाडायचं नाही, नांगर उचलायचा नाही आणि समुद्राचा एक थेंब आत येता कामा नये. नाही दाखवलंस, तर जन्मात पुन्हा कुठल्याही नावेवर पाय ठेवायचा नाही!"

बुधाजी तोंड पाडून घरी आला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस तो. जमिनीवर चार दिवस राहिला तरी त्याला गुदमरायला व्हायचं. त्याची मुलगी आवडी हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होती. तिने सगळं ऐकलं आणि हात धुतले.

"बा, एवढंच ना? दाखवू की बुडताना! तू निवांत जेव."

"येड लागलं काय गो तुला?"

"मला नाय, राजाला लागलंय! तू फक्त देवळातलं घटिकापात्र मागून आण. त्याचं घंगाळही आण."

घटिकापात्र म्हणजे बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरते, आणि बुडाली की एक घटका संपली म्हणायचं. गावातले सगळे लग्नाचे मुहूर्त त्या वाटीवरच साधले जात.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजमयूर किनाऱ्यापासून थोडं आत नांगरून उभं होतं. वर दरबारी, त्यांच्या बायका, मुलंबाळं अशी दोनशे माणसं. मधोमध रेशमी छत, आणि छताखाली महाराज व त्यांच्या वृद्ध मातोश्री आईसाहेब. आवडीने भरलेलं घंगाळ त्यांच्यासमोर ठेवलं.

"अगं, थेंबही आणायचा नाही असं ठरलंय!" दिवाण डाफरले.

"समुद्राचा नाही आणायचा. हे विहिरीचं आहे. चाखून बघा!"

तिने वाटीला एक मोरपीस चिकटवलं. "महाराज, ही वाटी म्हणजे आपलं राजमयूर. कबूल?"

"एवढंसं? कबूल, कबूल!" महाराज हसले.

"पण वाटीला भोक आहे!" दिवाण पुन्हा ओरडले. "भोक पाडायचं नाही असं ठरलंय!"

"मी कुठे पाडलं? ते माझ्या पणजोबांच्या आधीपासून आहे!" असं म्हणत आवडीने वाटी पाण्यावर सोडली. "राजमयूरात पाणी शिरलं हो! किनाऱ्यावर गरम पातोळ्या वाढल्यात. वाटी बुडायच्या आत वाळूवर पोचेल तो वाचला. राहिला तो बुडाला, आणि वर उपाशी!"

पातोळ्या म्हटल्यावर महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं. "अख्खी घटका आहे! उतरा सगळे!"

उतरतात कसले! होड्या कधी लागणारच नाहीत म्हणून कोणीतरी त्यांत झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या. त्या उचलून बाहेर काढेपर्यंत वाटी पाव भरली. मग पहिल्या होडीत पहिला पाय कोणाचा, यावरून राजगुरू आणि सेनापती हमरीतुमरीवर आले. मान म्हणजे मान! वाटी अर्धी भरली.

"वल्ही कुठायत?" होडीतून खलाशी ओरडला.

वल्ही छताला खांब म्हणून लावली होती! खलाशांनी धावत येऊन ती उपटली, आणि अर्धं रेशमी छत महाराजांच्या डोक्यावर कोसळलं. ते आत चाचपडत असताना पहिली होडी पंधरा माणसं घेऊन कशीबशी वाळूला लागली. दुसरी अजून अर्ध्या वाटेवर होती.

डुबुक!

महाराज कापडातून डोकं बाहेर काढून बघतात तो वाटी तळाला. मोरपीस तेवढं पाण्यावर तरंगत होतं.

"बुडालं राजमयूर, महाराज," आवडी म्हणाली. "नांगर उचलला नाही, समुद्राचा थेंब आत आला नाही. पंधरा माणसं वाचली. आपण त्यांत नाही."

महाराजांनी किनाऱ्याकडे पाहिलं. राजगुरू दुसरी पातोळी उचलत होते! इतक्यात मागून आईसाहेबांनी हळूच विचारलं, "धैर्या, मीसुद्धा बुडाले का रे?"

महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी आईचा हात घट्ट धरला. तरी हट्ट तो हट्ट, रुसल्या पोरासारखे ते पुटपुटले, "पण मोर झाकले जातील ना!"

"झाकले जाऊ देत, महाराज! होड्यांच्या फटीतून माणसांना थोडे तरी दिसतील. बुडाल्या जहाजाचे मोर फक्त मासे बघतात!"

आधी आईसाहेब हसल्या. मग महाराज असे खदखदून हसले की उरलेलं छतही खाली आलं! त्यांनी दहाच्या दहा होड्या परत टांगायचा आणि वर आणखी चार बनवायचा हुकूम दिला. बुधाजीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने पागोटं चढवलं, तेव्हा त्याला रडूच फुटलं. आवडीला सोन्याचे गोठ मिळाले आणि एक अधिकारही मिळाला. दर फेरीआधी तिने वाटी सोडायची. ती बुडायच्या आत सगळे होड्यांत बसले नाहीत, तर राजा जहाजावर असला तरी नांगर उचलायचा नाही!

"आता तरी पातोळ्या दे गं," महाराज पोट चोळत म्हणाले.

"देते की! पण आज होड्या दोनच आहेत," आवडी म्हणाली. "आधी आईसाहेब, मग लेकुरवाळ्या, मग म्हातारीकोतारी. आपली पाळी शेवटची!"

आणि शंखबंदरचे महाराज हसत हसत झेंडूच्या कुंडीशेजारी बसून आपल्या पाळीची वाट बघू लागले.