पहिला मान राजवाड्याचा

"गावात कुणाकुणाला दिवस गेलेत ते उद्या दरबारात सांगायचं, नाहीतर तुझं बांगड्यांचं दुकान बंद!" रणधीरराव महाराजांनी आवडाबाई कासारणीला फर्मावलं.

ही आग लावली होती पोपटशेटनं. हा बाबा गिऱ्हाइकाच्या दारात दवंडी पिटून माल विकायचा! मोलकरणींना फितवून घराघरातल्या बातम्या काढायचा आणि मग सुरू: "ऐका हो ऐका! सदूभाऊ, उवांचं तेल आलंय!" सगळी आळी खिडकीत! लोक वैतागले होते, पण शेट महाराजांना फुकट अत्तर पुरवायचा. मग बोलतो कोण? आता त्याला पोटुशी बायकांच्या दारात डिंकाचे लाडू खपवायचे होते. आणि बायकांचा हात हातात घेतला की कासारणीला सगळं कळतं, हे गावाला ठाऊक होतं.

दोनदा पोटातलं गेलेली तांबटांची सून कालच आवडाबाईला म्हणाली होती, "मावशी, एवढ्यात कुणाला सांगू नका हं!"

दुसऱ्या दिवशी आवडाबाई पदर खोचून दरबारात उभी राहिली.

"सांगते महाराज! पण रीत मोडायची नाही. होळी असो, पोळा असो, पहिला मान राजवाड्याचा. दवंडीही तिथूनच सुरू व्हायची!"

"म्हणजे काय! तसंच झालं पाहिजे!" महाराज खूश.

"राणीसाहेबांना बांगड्या मीच भरते. गप्पा होतात. तर राजवाड्यात डिंक लागतो. रोज!"

"अरे वा!" शेट उड्या मारायला लागला. "बोलवा हलगीवाला!"

"थांबा हो! खायला नाही लागत. आणि राणीसाहेबांना तर मुळीच नाही. लागतो तो..."

महाराजांचा हात झटकन मिशीवर गेला!

"खबरदार! घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणतेस?"

सगळा दरबार मिशीकडे बघू लागला. प्रधानजी तर चक्क वाकून.

"मी कुठं काय बोलले? नुसतं डिंक म्हटलं, तर तुमचा हात मिशीवर गेला. उद्या दारात हलगी वाजली की एखाद्या पोरीचा हात असाच पोटावर जाईल. तुम्ही खबरदार म्हणालात, महाराज. तिनं काय म्हणायचं?"

महाराज असे खदखदून हसले, की अर्धी मिशी सुटून हनुवटीवर लोंबायला लागली! त्यांनी ती उपटून शेटच्या हातात कोंबली.

"घरधन्याला विचारल्याशिवाय दारात दवंडी बंद! आणि शेट, ही मिशी लावून तूच हा हुकूम गावभर सांगत फीर!"

मग मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी आवडाबाईला दिलं आणि हळूच विचारलं, "काय गं, राणीसाहेब आणखी काय म्हणाल्या?"

"राणीसाहेब?" आवडाबाईनं कडं कनवटीला लावलं. "छे! मला तर बाई काहीच आठवत नाही!"