माळावरची विहीर

एकदा एक नगरी जागेपायी अडून बसली होती. नदीकाठच्या विणकर आळीत दर पावसाळ्यात पाणी शिरे. विणकरांचे माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेले; खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि विणायचे, ही त्यांची पिढ्यानपिढ्यांची रीत. पाणी आले की सर्वांत आधी भरे तो तोच खड्डा. लाकूड कुजे, सूत सडे आणि चुली थंड पडत. अखेर नगरसभेने ठरवले, की ही आळी सबंध उचलून उंच, कोरड्या जागी वसवायची. निर्णय उत्तम होता, यात शंका नाही. पण जागा कोणती? ओढा कुठे वळतो, गायरान कुठवर आहे, पाणी कुठे लागते, हे सभेतल्या कोणालाच धड ठाऊक नव्हते. जो तो आपल्या ओसरीवरून दिसेल तेवढीच नगरी जाणत होता, आणि तेवढ्यावरच तावातावाने बोलत होता!

हे सारे ज्याला ठाऊक होते, तो नगरीचा वृद्ध मोजणीदार. दोन भावांत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या तरी या म्हाताऱ्याने मोजणीची साखळी टाकली, की दोघेही मुकाट घरी जात. त्याच्या शब्दाला असे वजन होते. दृष्टी मंदावल्यावर त्याने ती साखळी आपल्या शिष्याच्या खांद्यावर दिली. शिष्याचे नाव विसाजी. हुशार, कष्टाळू आणि, उगाच कशाला लपवा, थोडासा गर्विष्ठ. पण गर्व वाटावा असेच त्याचे काम होते. काट्याकुट्यांतून, उन्हातान्हातून हिंडून त्याने अवघ्या नगरीचा नकाशा कापडावर उतरवला होता. प्रत्येक पाणंद, प्रत्येक झरा, प्रत्येक बांध जागच्या जागी.

प्रत्येक म्हणालो खरा; पण त्यात एक मेख होती. त्या काळच्या नकाशाकारांचा एक रिवाज होता. नकाशात कुठेतरी एक खोटी गोष्ट दडवून ठेवायची. नसलेली वाट, नसलेला पार, नसलेले तळे. तिला ते ‘चकवा’ म्हणत. कोणी नकाशा चोरून उतरवला आणि आपला म्हणून विकायला काढला, की मूळ नकाशाकार सभेत उभा राही आणि म्हणे, “हे तळे दाखवा पाहू!” चोराची बोबडी वळे. विसाजीचा चकवा होता पश्चिमेच्या माळावर. तिथे त्याने निळ्या रंगात एक सुबक विहीर काढली होती. माळावर विहीर नव्हती, कधीही नव्हती.

नकाशा पुरा झाल्याची वार्ता नगरीतल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या कानी गेली. तो स्वतः मोजणीदाराच्या घरच्या पायऱ्या चढून आला आणि म्हणाला, “मोजणीदार, हा नकाशा मला द्या. सभेला काय हवे ते मी सांगत जाईन. मागाल ती किंमत!” सभेला नकाशा दाखवणारा आपण एकटेच असलो, म्हणजे आळी कुठे जाणार हेही आपणच ठरवू, आणि तिथली जमीन आधीच घेऊन ठेवू, असा त्याचा सरळ हिशेब होता.

वृद्धाने त्याला गूळपाणी दिले आणि हात जोडून नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या धर्मशाळेची लांबच लांब भिंत त्याने चुन्याने पांढरीशुभ्र करून घेतली आणि विसाजीला म्हणाला, “हा नकाशा या भिंतीवर उतरव. मोठा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. ज्याला उतरवून न्यायचा असेल त्याने न्यावा, मोल नाही.”

विसाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “गुरुजी, झाकली मूठ सव्वा लाखाची! तीच आपण भर बाजारात उघडायची?”

“अरे, मूठ झाकलेलीच ठेवली, तर त्या हाताने काम कधी करायचे?” वृद्ध हसून म्हणाला. मग गंभीर होऊन त्याने एवढेच सांगितले, “मात्र भिंतीवर जे खरे आहे तेच उतरव.”

“होय,” विसाजी म्हणाला. आणि शेवटच्या दिवशी, गुरुजी विसाव्याला गेले असताना, त्याने माळावर ती निळी विहीर हळूच रंगवली. ते व्यापारी शेटजी आपला कारकून पाठवणार, नकाशा रेशमावर उतरवून घेणार आणि परमुलखात आपल्या नावाने मिरवणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या घामाची राखण नको का करायला? त्याचे म्हणणे अगदीच चूक होते, असे माझ्याने म्हणवत नाही. तुमच्याआमच्या हातून याहून क्षुल्लक कारणासाठी याहून मोठे खोटेपण घडते.

भिंत काय सजली, नगरीला जणू दृष्टी आली! बायका भाजीची टोपली खाली ठेवून आपले घर शोधू लागल्या. म्हातारे काठीने आपले शेत दाखवू लागले. नगरसभासुद्धा सभागृह सोडून भिंतीपुढे भरली. सभापतींनी बोट फिरवत फिरवत पश्चिमेचा माळ गाठला आणि ते उद्गारले, “वा! जागा उंच, रस्ता लगत, बाजार जवळ, आणि बघा, विहीरही आहे! पूर्वेला टेपाडाखाली झरा आहे खरा, पण इतक्या लांब जायचे कशाला?” सगळ्यांनी माना डोलावल्या. चार दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, कोनशिला बसवून आळीला माळावर जागा वाटून द्यायची असे ठरले. विणकर आळीत त्या संध्याकाळी साखर वाटली गेली.

गर्दीत उभा विसाजी मागे सरकला. सांगावे तर आपला नकाशा खोटा, ही बोंब सगळ्या मुलखात होणार. आयुष्यात पुन्हा कोणी साखळी हाती देणार नाही. न सांगावे तर? त्याने मनाची समजूत घातली. विहीर काय, खणता येते. माणसे आहेत, करतील काहीतरी. असे म्हणत म्हणत तो घरी गेला, पण त्याला जेवण काही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी गुरुजींनी त्याला हाक मारली. सभेची वार्ता त्यांच्या कानी आली होती, आणि हातात रिकामी घागर होती.

“विसाजी, घरात पाणी संपले आहे. माळावरच्या विहिरीवरून एवढी घागर भरून आण.”

तरुणपणी त्या माळाचा दगड न् दगड गुरुजींनीच मोजला होता. “गुरुजी… तिथे विहीर नाही. आपल्याला ठाऊक आहे.”

“भिंतीवर आहे ना? मग जा.”

“पण गुरुजी—”

“जा बाळा, ऊन वाढते आहे.”

विसाजी घागर घेऊन निघाला. माळ म्हणजे नुसता तापलेला तवा. ना झाड, ना सावली. आपल्याला ही शिक्षा कशासाठी, असे मनात म्हणत तो चालत होता, तोच पुढे त्याला माणसे दिसली. विणकर आळीतली सारजाबाई, तिचा मुलगा आणि सून. जागा वाटून मिळायच्या आधीच ही मंडळी उत्साहाने आली होती. मुलगा मागासाठी खड्डा खणत होता. एवढा कोरडाठाक, पाण्याचे भय नसलेला खड्डा त्याने जन्मात पाहिला नसावा. तो खणता खणता हसत होता.

विसाजीला पाहताच सारजाबाई लगबगीने पुढे आली. “अगं बाई, तुम्ही नकाशावालं दादा ना! देवासारखं आलात बघा. मघापासून सून समदा माळ फिरून आली, विहीर काय गावत न्हाई. झाकून ठेवलीय का कुठं? भिंतीवर हितंच तर हाय. आमालाच नकाशा नीट वाचता येत न्हाई, दुसरं काय!”

सुनेची घागरही रिकामी होती. ओठ सुकले होते तिचे. पण तिघांच्याही तोंडावर संशयाची रेघसुद्धा नव्हती. विहीर नाही, असे त्यांच्या मनातही आले नव्हते. आपलेच चुकले, असेच ते धरून चालले होते. कोणी शिवी दिली असती तर बरे, असे विसाजीला वाटले. त्याने सुनेच्या हातातली घागर घेतली, टेपाडाखालच्या झऱ्यापर्यंत लांबचा फेरा मारला, ती भरून त्यांच्यापुढे आणून ठेवली आणि तसाच परतला.

आपली घागर त्याने रिकामीच गुरुजींपुढे ठेवली आणि खाली बसून तो रडू लागला. “गुरुजी, आपल्याला कळले होते, तर आपणच सभेला का नाही सांगितले?”

“सांगितले असते,” वृद्ध म्हणाला. “पण मग लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता आणि भिंतीवरचा उडाला असता. मी आज आहे, उद्या नाही. भिंत राहायची आहे. ज्या हाताने खोटे काढले, त्याच हाताने ते पुसायला हवे. कोनशिलेपर्यंत तू थांबला असतास, तर मात्र मी बोललो असतो.” त्याने शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. “आपल्या वाडवडिलांनी चकवा काढला तो पेटीतल्या नकाशात. बंद घराच्या दारात चावरा कुत्रा बांधतात ना, तसा. ते एक वेळ समजून घेता येईल. पण दार सताड उघडून साऱ्या गावाला आत बोलवायचे आणि उंबऱ्यावर तोच कुत्रा ठेवायचा, तर तो चावणार कोणाला? चोर तर कुंपणावरूनही येतो. चावा बसतो तो विश्वासाने दारातून आलेल्या पाहुण्याला. नकाशा खुला केला म्हणजे तो नुसता दाखवला असे नव्हे, विसाजी. त्याच्या भरवशावर कोणी खड्डा खणणार आहे, हे आपण मान्य केले.”

विसाजीने डोळे पुसले. बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता तो त्याच संध्याकाळी चुन्याची बादली घेऊन भिंतीपुढे उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “माळावर विहीर नाही. ती मी खोटी काढली. माझे काम कोणी चोरू नये म्हणून काढली.” आणि साऱ्यांदेखत त्याने ती पुसून टाकली.

मग जो गिल्ला झाला तो विचारू नका! कोणी त्याच्या अंगावर धावून गेले, कोणी बादली उलथवली. सभापती संतापून म्हणाले, “एक खोटे निघाले! आता या अख्ख्या भिंतीवर विश्वास तरी कसा ठेवायचा?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर दिले ते सारजाबाईने. खड्डा वाया गेला होता तो तिचा, रागवायचा पहिला हक्क होता तो तिचा. ती पुढे झाली आणि म्हणाली, “काल ठेवला तो आंधळा इस्वास हुता. आज डोळं उघडून ठेवू. चुकलेलं पुसणारा माणूस तरी हाय हितं. आन् ती भिंत बी हितंच हाय, कोनाच्या पेटीत न्हाई. उद्यापास्नं ज्यानं त्यानं आपापली बाजू जाऊन बघायची, चुकली असंल तर याला धरून आणायचं. काय रं दादा, येशील न्हवं?”

“येईन,” विसाजी म्हणाला.

आणि तो गेला. पुढे दर बाजाराला कोणीतरी त्याला हाताला धरून नेई: अमक्या ओढ्याने वळण बदलले, तमकी पाणंद बुजली. विसाजी साखळी घेऊन जाई, मोजी, आणि मगच भिंतीवरची रेघ हलवी. आळी वसली ती पूर्वेच्या टेपाडावर, झऱ्याच्या वरच्या कोरड्या जागी. सभेने पहिली कोनशिला बसवण्याआधी झऱ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिऊन पाहिले, हे सांगायला नकोच. आजही त्या आळीत खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर पावसाकडे बघून निवांत मागाचा धोटा फेकतो.

आणि शेटजी? त्यांच्या कारकुनाने विहिरीसकट नकाशा रेशमावर उतरवून कधीच नेला होता. सभेने माळ ठरवताच त्यांनी घाईघाईने विहिरीलगतचा माळ खरेदी केला आणि नकाशा चंदनाच्या पेटीत कुलूपबंद ठेवला. भिंतीवरची विहीर भर बाजारात पुसली गेली. पेटीतली पुसायला मात्र कोणी नव्हते.

आज आपल्या नगरांचे नकाशे भिंतीवर नसतात, खिशातल्या फोनमध्ये असतात. पण त्यांच्या भरवशावर खड्डा खणणारी माणसे तीच आहेत, हे नकाशा काढणाऱ्याने आणि त्यावर बोट ठेवून निर्णय घेणाऱ्याने विसरू नये.

विसाजी म्हातारा झाला, त्याच्याही हाताखाली शिष्य आले. भिंत कैकदा रंगली, पण पश्चिमेच्या माळावरचा तो चुन्याचा पांढरा ठिपका त्याने कधी रंगवू दिला नाही. नवा शिष्य हटकून विचारी, “गुरुजी, इथे काय आहे?”

“इथे काही नाही,” विसाजी म्हणे. “आणि ते मी स्वतः घागर घेऊन जाऊन पाहिले आहे.”