चिंचेवरून पडलेला हात

खडकसरच्या मैदानावर गावचा माणूस पंच म्हणून उभा राहत नाही. तुम्ही पाहुणे, तुम्हाला नवल वाटणारच. पण त्याचं मूळ या कडेच्या चिंचेत आहे.

संस्थानी काळातली गोष्ट. रखमाजी नावाचा धनगराचा मुलगा आणि सरदारांचे धाकटे चिरंजीव भुजंगराव या चिंचेवर चढले होते. फांदी मोडली. भुजंगराव पडले ते रखमाजीच्या अंगावर, म्हणून वाचले. रखमाजीचा कोपर मात्र कायमचा वाकडा बसला. तेव्हापासून दोघे जिवाभावाचे दोस्त झाले म्हणे.

पुढे त्याच वाकड्या हातातून चेंडू असा वळायचा की भल्याभल्यांच्या दांड्या उडायच्या. पदरी पैलवान ठेवावेत तसा महाराजांनी त्याला गोलंदाज म्हणून ठेवला. पगार घेऊन चेंडू टाकणारा या मुलखातला तो पहिलाच, असे सांगतात.

मग छावणीतल्या साहेबांशी सामना ठरला. पंच होते भुजंगराव. रखमाजीने बघता बघता गोऱ्यांची दाणादाण उडवली, तसा त्यांचा कप्तान चिडला. हा कोपर वाकवून चेंडू फेकतो, अशी त्याने तक्रार केली. भुजंगरावांना त्याच साहेबाच्या शिफारशीने फौजदारकी मिळायची होती म्हणे. तो कोपर मुळात सरळच होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी हात आडवा केला. नो बॉल! पुढच्या चेंडूलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

रखमाजी त्यांच्याजवळ गेला. “धाकलं सरकार, ह्यो हात कुणापायी मोडला, तेवढं तरी सांगा की.”

भुजंगरावांनी पुढच्या चेंडूलाही हात आडवाच केला. मला विचाराल तर वैऱ्यानेही असा गळा कापला नसता. महाराजांनी रखमाजीला लबाड ठरवून चाकरीवरून काढलं. तो मेंढरांमागे गेला आणि पुन्हा चेंडूला शिवला नाही.

भुजंगराव फौजदार झाले, म्हातारे झाले. मन खात असावं. एकदा ते स्वतः मेंढवाड्यावर गेले आणि म्हणाले, “रखमाजी, यंदाच्या सामन्याला पंच म्हणून तू उभा राहा. मला बरं वाटेल.”

रखमाजी लोकर कातरत होता. त्याने मान वर केली नाही. “पंच परका बघा, सरकार. तुमी तर माझं व्हता.”

आजही इथे पंच परगावाहून येतो. सामना संपेपर्यंत गावात कुणी त्याला घरी जेवायला बोलावत नाही. ओळख होऊ नये म्हणून.