सलोमी आत्याच्या गुडघ्याची प्रार्थना

एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी ख्रिस्ती वाडी होती आणि त्या वाडीत सलोमी आत्या राहत होती. पाळकसाहेबांकडे आसपासची पुष्कळ गावं, त्यामुळे ते वाडीला महिन्यातून एकदाच यायचे. मधल्या दिवसांत कोणाच्या घरी आजारपण असो, पाळणा हललेला असो नाहीतर मयत, आत्या हजर! ना पगार, ना मानधन. शास्त्र, म्हणजे बायबल, काखोटीला मारून ती घरोघरी जायची आणि अशी प्रार्थना करायची की ऐकणाऱ्याचा जीव हलका व्हायचा.

आपल्यामागे हे काम कोण बघणार, म्हणून आत्याने दोघांना हाताशी धरलं. एक शांतवन गवंडी आणि दुसरी कपडे शिवणारी रिबका. रोज संध्याकाळी ओसरीवर बसवून ती त्यांना प्रार्थना शिकवायची. शिकवायची कसली, आपलीच प्रार्थना त्यांच्याकडून घोटून घ्यायची!

"तसं नाही रे शांतवन, 'दयाळू पित्या' म्हणताना आवाज खाली आण. हां, आता कसं!"

आणि एका रविवारी शांतवन उपासनेत प्रार्थनेला उभा राहिला. आत्याचा सूर, आत्याचे शब्द, मधला तो आत्याचा खोकलासुद्धा जसाच्या तसा! शेवटी तो दांडगा गडी डोळे मिटून म्हणाला, "आणि देवा, तुझ्या या म्हाताऱ्या दासीच्या उजव्या गुडघ्याला आराम दे. आमेन."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. आत्याच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. "डोळे मिटून ऐका," ती सगळ्यांना सांगत सुटली, "मीच बोलतेय असं वाटतं की नाही?"

पुढे त्या गुडघ्याने खरोखरच दगा दिला आणि आत्या खाटेला खिळली. नेमका त्याच सुमाराला सगुणा नावाच्या विधवेचा एकुलता एक तरुण मुलगा आईशी भांडून घर सोडून गेला. कुठे गेला, जेवला की उपाशी, काही पत्ता नाही. सगुणाची चूल थंड पडली. ती चर्चला येईना. "देव माझं ऐकत नाही, आता मीही त्याच्याशी बोलायची नाही," म्हणून दिवसभर उंबऱ्यावर बसून राहायची.

आधी रिबका तिच्याकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशी शांतवन गेला. हात जोडले, डोळे मिटले आणि पाठ केलेली प्रार्थना सुरू केली. म्हाताऱ्या दासीचा गुडघा आला तशी सगुणा ताडकन उठली.

"पुरे करा, शांतवनभाऊ! काल रिबका, आज तुम्ही. दोघांच्याही प्रार्थनेत आत्याचा गुडघा आहे. माझा पोरगा कुठे आहे?"

आणि तिने दार लावून घेतलं.

शांतवन तोंड पाडून आत्याकडे आला. घडलं ते सगळं सांगून म्हणाला, "बैलगाडी आणलीय दारात. तुम्हीच चला आत्या. तुमच्याशिवाय हे होणे नाही."

एरवी हे ऐकून आत्या खूश झाली असती. आज तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "देवाचं काम करते म्हणून मिरवत होते रे मी," ती म्हणाली, "आणि तुम्हाला दिलं काय, तर माझा गुडघा! शिष्य घडवायचे होते येशूचे, आणि मी घडवले माझे."

तरी जावंसं तिला फार वाटत होतं. आपण गेलो तर सगुणा दार उघडेल, याची तिला खात्री होती. तिने पदर सावरला, काठीही हातात घेतली. मग काय मनात आलं कोण जाणे, काठी पुन्हा भिंतीला टेकवली.

"मी येत नाही. आज मी आले तर तुम्ही जन्मभर मलाच न्यायला याल. तूच जा."

"अहो, पण मी बोलू काय?"

"आधी बोलूच नकोस. बस तिच्याजवळ. पोराचं विचार. ती सांगेल ते ऐक, आणि मग तुझ्या मनात येईल ते देवाला सांग. माझा एक शब्द जरी तोंडातून काढलास तर याद राख!"

शांतवन परत गेला. बंद दाराबाहेर ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, पोराला जेवायला काय आवडायचं हो?"

मग दार किलकिलं झालं. "पिठलं. तेही झणझणीत." एकदा बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी रडत म्हणाली, "मीच त्याला म्हटलं हो, तू मेलास तरी बरं होईल. आईने असं बोलावं का?"

शांतवनचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले. "देवा, मला नीट बोलता येत नाही. मीही एकदा बापाशी भांडून पळालो होतो, तुला ठाऊकच आहे. घरची आठवण यायची, पण परतायची लाज वाटायची. या पोरालाही वाटत असेल. ती लाज काढून टाक. त्याला कुणीतरी पिठलं-भाकरी वाढू दे. आणि ही माउली रागात बोलून गेली, तिला..."

तिथेच बिचारा अडकला.

"...तिला माफ कर रे बापा," सगुणा म्हणाली. "आणि माझ्या लेकराला घराकडे वळव." मग दोघं मिळून म्हणाले, "आमेन."

शांतवन भीत भीत आत्याकडे परतला. "रागावू नका आत्या. मी मध्येच अडकलो. प्रार्थना पुरी मी नाही केली, सगुणावहिनींनी केली."

"काय सांगतोस!" आत्याने आनंदाने टाळी वाजवली. "अरे शाब्बास माझ्या वाघा! एवढ्या वर्षांत मी लोकांसाठी प्रार्थना केली, पण दुसऱ्याला देवाशी बोलतं करणं मला नाही रे जमलं!"

सगुणाचा मुलगा परत आला का? आला, पण बऱ्याच महिन्यांनी. तोवर सगुणा हातातलं काम टाकून दुसऱ्यांच्या दुःखात जाऊन बसू लागली होती, आणि आपल्या साध्या शब्दांत देवाशी बोलत होती. पाळकसाहेबांनी एकदा ते ऐकलं आणि विचारलं, "आत्या, ही तुमची शिष्या वाटतं?"

"छे हो!" आत्या ताठ मानेने म्हणाली. "हिला शांतवनने उभं केलं. आणि आम्ही तिघंही शिष्य येशूचे!"

तात्पर्य एवढंच: शिकवलेला माणूस हुबेहूब आपल्यासारखा झाला म्हणून फुगू नये. तो प्रभूचा हात धरून स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि आणखी कोणाला उभं करू लागला, की मग खुशाल छाती फुगवावी.