गाडी घाटात आहे

एकदा एका व्यापाऱ्याने उघड्या माळावर गॅसचा पंप काढला. एका अंगाला घाट, दुसऱ्या अंगाला तालुक्याचे गाव आणि मधे हा माळ. सावली म्हणून एक बाभळ होती, तीही पंपाच्या आखणीत गेली. गाड्यांत भरायचा हा गॅस नळातून येत नसे. घाटाखालच्या शहरातून टाक्या लादलेली एक मोठी गाडी तो घेऊन वर येई. ती आली की पंप चालू, ती नसली की नुसते दिवे चालू.

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी इथली गत होती. गिऱ्हाईक नसताना पंप चालावा कसा, आणि पंपाचा भरवसा नसताना आपली रिक्षा गॅसवर करून घ्यावी कुणी? हा तिढा सोडवला एका स्त्रीने. गावात एक वृद्ध मिस्त्री होते, त्यांच्या हाताखाली बारा वर्षे शिकलेली ती एकुलती एक शिष्या. गाड्यांना गॅसची टाकी बसवायला व्यापाऱ्याने तिला पंपामागे शेड दिली, आवार दिले. ती रिक्षाच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

"ताई, टाकी बसवू. पण गॅस मिळंल याची हमी कुणाची?" थांब्यावरच्या खंडू घुल्याने विचारले. हा माणूस शाळेच्या मुली ने-आण करायचा आणि सगळा थांबा त्याच्या तोंडाकडे बघायचा.

"माझी," ती म्हणाली.

खंडूने टाकी बसवली. त्याच्या मागोमाग एका हिवाळ्यात साठ गाड्या झाल्या. शिष्येला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो तिला फार गोड लागला.

आता व्यापाऱ्याचे सांगतो. माणूस लबाड नव्हता. तीन पिढ्यांचे किराणा दुकान चालवलेल्या घरातला होता. त्या घरात दुकान बंद करत नसत, 'वाढवत' असत. तांदूळ कधी संपत नसत, तेही वाढत. वास्तुपुरुष सदा 'तथास्तु' म्हणत बसलेला असतो, म्हणून अशुभ शब्द तोंडातून काढू नये, हे त्याला आईच्या मांडीवर कळले होते. पंपावर पहिल्याच दिवशी त्याने नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली आणि नोकरांना बजावले, "गॅस नाही, हे शब्द या जागेत कुणी उच्चारायचे नाहीत. विचारलं तर सांगायचं, गाडी घाटात आहे."

गाडी कधी खरोखरच घाटात असे. कधी ती शहरातून सुटलेलीही नसे. कधी त्या दिवशी येणारच नसे. पण पंपावर विचारावे तर ती सदैव घाटातच. मग रिक्षावाले थांबत. रांगेत तीन तास जात, चार तास जात, पुढे सरकता सरकता राखीव पेट्रोलही जाई. शिष्येला कुणी विचारले तर सुरुवातीला ती गप्प राही. पुढे एकदा म्हणून गेली, "आहे घाटात, येईलच." एकदा जीभ वळली की तिला पुन्हा वळायला कष्ट पडत नाहीत.

फाल्गुनात टाक्या परत येऊ लागल्या. कुणी भांडले नाही. भांडले असते तर बरे झाले असते. माणसे येत, गाडी लावत, टाकी काढायला सांगत आणि ती तिथेच टाकून पेट्रोलवर निघून जात. वरची कळ काढलेल्या, तोंड उघडे असलेल्या त्या टाक्या आवारात ओळीने उभ्या राहिल्या. चैत्र सरता सरता सत्तेचाळीस झाल्या. गॅस पाठवणाऱ्यांचा निरोप आला, की खप असाच राहिला तर दोन महिन्यांनी गाडी पाठवणे थांबवू. म्हणजे उरलेल्या तेरा जणांनी काय करायचे? तेही शिष्येच्याच शब्दावर बसले होते.

आणि त्याच सुमारास आवारात आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा तो ऐकला पंपावरच्या नोकराने. पहाट होती, धुके माळावर गुडघाभर साचले होते. एका टेम्पोवाल्याने विचारले, नोकर सवयीने म्हणाला, "गाडी घाटात आहे." आणि मागून, आवारातून, हुंकार आला.

"हूंऽऽ..."

कथेत बसलेली म्हातारी माणसे पुराणिकाला देतात ना, तसा. ऐकतोय, पुढे सांग, असा. टेम्पोवाला रांगेत थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिष्या शेडमध्ये एकटी होती. कुणीतरी फाटकातून ओरडून विचारले, तिने आतूनच उत्तर दिले, "घाटात आहे!" तेव्हा तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावरून, एकाने हूं म्हटले, मग दुसऱ्याने जरा खालच्या सुरात, मग एकदम पुष्कळांनी. वळून पाहते तो टाक्यांच्या ओळी. माणूस कुणी नाही. आवारात झोपणारी कुत्री फाटकाबाहेर जाऊन बसली होती आणि आत यायला तयार नव्हती.

व्यापाऱ्याने काळी बाहुली टांगली, उदबत्त्या लावल्या, आणखी एक नारळ फोडला. हुंकार थांबला नाही. तो आता गॅस दाबून भरणारा कंप्रेसर बंद असतानाही येई, आणि उत्तर देणारा नोकर उत्तर देण्याआधी मागे वळून पाही. दोन नोकर काम सोडून गेले.

"ताई, तुमच्या गुरूंना आणा," व्यापारी शेवटी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "त्यांना काय द्यायचं ते देतो, पण या टाक्यांची तोंडं बंद करा म्हणावं."

वृद्ध मिस्त्री दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना आले. ऐंशीच्या घरातले, कानाने तिखट, बोलणे कमी. फाटकातून आत येताना त्यांनी रांगेतला एकुलता एक रिक्षावाला पाहिला, दिवे पाहिले, बाहुली पाहिली. मग आवारात जाऊन एका पत्र्याच्या डब्यावर बसले आणि डोळे मिटून घेतले. घाटावरून वारा सुटला. ओळी एकामागून एक बोलू लागल्या. व्यापारी दाराआड राहिला. शिष्या जवळ उभी होती, पण हात पदरात घट्ट धरून.

"वस्ताद, हे काय आहे?" तिने विचारले.

"वारा आहे. उघड्या तोंडावरून गेला की बाटलीसुद्धा बोलते. घाटातून तो सकाळ-संध्याकाळ येतो आणि तुमची रांगही त्याच वेळी असते. भूतबीत काही नाही, पोरी." ते थांबले. "पण वाऱ्याला ही तोंडं कुणी दिली?"



वृद्धाने पिशवीतून लाकडी बुचे काढली. पहिल्या टाकीपाशी वाकले. मग त्यांनी जे केले ते पाहून दाराआडच्या व्यापाऱ्याने कानांवर हात ठेवले. टाकीच्या तोंडाला ओठ लावून, एखाद्या माणसाच्या कानात सांगावे तसे ते हळू, स्पष्ट म्हणाले, "आज गॅस नाही. घरी जा." आणि बूच दाबले. टाकी गप्प झाली.

"अहो, काय बोलताय!" व्यापारी ओरडला. "तिन्हीसांजेची वेळ आहे!"

वृद्धाने मान वर केली नाही. दुसरी टाकी. "आज गॅस नाही. घरी जा." तिसरी. एकेक हुंकार विझत गेला. अंधारत चाललेल्या त्या आवारात तो अशुभ शब्द सेहेचाळीस वेळा उच्चारला गेला, आणि दर वेळी उरलेल्यांचा आवाज जरा कमी, जरा एकाकी होत गेला. शेवटी एकच टाकी उरली. तिचा सूर सगळ्यांत खालचा होता. वारा पडला होता, तरी ती चालूच होती.

"ही तुझी," वृद्ध म्हणाले. "तू सांग."

ती कुणाची, हे शिष्येला अंगावरचा नंबर न वाचताच माहीत होते. ती पुढे झाली, वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"वस्ताद, ही खंडू घुल्याची. दहावीचा गणिताचा पेपर होता त्या दिवशी. चार मुली फाट्यावर त्याची वाट बघत उभ्या होत्या. हा सहापासून रांगेत. आठ वाजता त्यानं मला विचारलं, ताई, खरं सांगा, थांबू का दुसरी गाडी बघू? मला माहीत होतं, गाडी शहरातनं सुटलीच नव्हती." तिने टाकीच्या अंगावर हात ठेवला. "मी म्हटलं, घाटात आहे. तो माझ्या शब्दावर साडेअकरापर्यंत थांबला. चौघींचा पेपर बुडाला. तो मला एक शब्दही बोलला नाही. टाकी काढून द्या म्हणाला, एवढंच."

व्यापारी दाराआडून ऐकत होता. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण त्याला वाईट बातमी सांगायची नाही असाही त्या घरात रिवाज होता.

"सांग तिला," वृद्ध पुन्हा म्हणाले.

तिने थंड लोखंडाला ओठ लावले. "खंडूभाऊ, आज गॅस नाही. दुसरी गाडी बघा." आतून तिचाच आवाज तिच्याकडे परत आला, खोल आणि म्हातारा होऊन. मग तिने बूच दाबले आणि आवारात पूर्ण शांतता झाली.

वृद्धाने व्यापाऱ्याला बाहेर बोलावले.

"शेठ, तुम्ही विकता त्या गॅसला वास कसला?"

"कुजक्या अंड्यासारखा. घाणेरडा."

"तो त्याचा नव्हे. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तरी कळत नाही, घर भरतं आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून शहाण्या माणसांनी त्यात मुद्दाम ती घाण घातली. विकायच्या मालात दुर्गंधी घालायची, यापरतं अशुभ काय असेल? पण त्या दुर्गंधीच्या भरवशावर लोक तो स्वयंपाकघरात आणतात, सीटखाली घेऊन पोरंबाळं नेतात. 'नाही' हा शब्द तुमच्या धंद्याचा वास आहे. तो तुम्ही काढून टाकलात. मग गळती झाली ती कुणालाच कळली नाही. ना तुम्हाला, ना हिला." ते शिष्येकडे वळले. "मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? सांध्याला साबणाचा फेस लाव. बुडबुडा आला तर घाबरायचं नाही."

"आनंद मानायचा. गळती सापडली," ती पुटपुटली.

"मग? गिऱ्हाईक 'नाही' ऐकून जातं ते उद्या येतं. 'आहे' ऐकून थांबलेलं मात्र आपलं तोंड तुमच्या आवारात ठेवून जातं." एवढे बोलून त्यांनी पिशवी उचलली. जाताना काळी बाहुली काढून नोकराच्या हाती दिली आणि तिच्या खिळ्याला एक फळा अडकवा म्हणाले.

फळा लागला. पहिल्या सकाळी शिष्येने त्यावर लिहिले, 'आज चाळीस गाड्यांपुरता गॅस. दुपारी दोनला येईल.' शहरात फोन करून खात्री करूनच लिहिले. त्या दिवशी आल्या नऊ गाड्या. व्यापारी दिवसभर देवाचे नाव घेत होता. पुढच्या आठवड्यात एक दिवस 'आज गॅस नाही' असे लिहावे लागले, तेव्हा तो माळाकडे तोंड करून उभा राहिला. काही झाले नाही. फाटकापाशी एक रिक्षावाला आला, वाचले, "बरं झालं, लिहिलंत," म्हणाला आणि वळला. दुसऱ्या दिवशी तो येताना आणखी दोघांना घेऊन आला.

धंद्याचा जम असाच बसला, हळूहळू, एकेका टाकीने. माणसे येत, आपली टाकी ओळखत, शिष्या ती तपासून घेऊन बसवून देई. दिलेली मुदत सरेपर्यंत आवारात अकराच उरल्या. गॅस पाठवणाऱ्यांनी गाडी थांबवली नाही, आणि वर्षभराने दुसरी जोडली. त्या दिवशी आवारात एकच टाकी उभी होती, खंडूची.

खंडू घुले परत आला नाही. पण रोज सकाळी त्याची पेट्रोलवरची रिक्षा फाटकापाशी मंद होई, तो फळा वाचे आणि जाई. एकदा फळ्यावर होते, 'आज गॅस नाही. उद्या सकाळी सातला.' दुसऱ्या दिवशी सातला शिष्येने पाहिले, तो धुक्यात रस्त्यापलीकडे रिक्षा लावून उभा होता. सातला गाडी घाट चढून आली. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले, गाडीकडे पाहिले, आणि मुलींना आणायला निघून गेला. तिने त्याला हाक मारली नाही. हाक मारायचा आपला हक्क कुठे संपला, हे तिला कळत होते.

त्या संध्याकाळी व्यापारी म्हणाला, "ताई, एवढी एक टाकी भंगारात देऊन टाकू. आवार मोकळं होईल."

"नको," ती म्हणाली. तिने जाऊन त्या टाकीचे बूच काढून टाकले.

अजून ती टाकी तिथेच आहे म्हणतात. पहाटे शिष्या खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहते, गाडी कुठवर आली ते विचारून घेते, आणि कधी शब्द लिहिताना हात अडला, तर मागून आवारातून कुणीतरी हूं म्हणते. मग ती जे खरे असेल ते लिहिते.